भुलेश्वरचा पांजरपोळ आणि कुणालाच नको असलेली कुत्री

१८३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत मेलेल्या कुत्र्याला आठ आण्यांचा भाव आला होता. भाव लावला होता कंपनी सरकारच्या पोलिस खात्याने आणि तो वसूल करायला निघाले होते त्याच खात्याचे शिपाई. भटकी कुत्री मारायची मुभा पोलिसांना १८१३ पासून होती, पण ती ठरावीक दिवसांपुरती. कडक उन्हात कुत्री पिसाळतात असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता. त्यामुळे ऊन तापलं की मोहीम निघे आणि मुदत संपली की थांबे. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. मुदत लांबली आणि वर दर कुत्र्यामागे रोख इनाम. मग कोणतं कुत्रं पिसाळलेलं, कोणतं भटकं आणि कोणतं कुणाच्या ओट्यावर निजलेलं, हे पाहत बसण्यात शिपायांचा काहीच फायदा नव्हता. लोकांच्या घरा-अंगणांतूनही कुत्री ओढून नेली जाऊ लागली.

६ जूनला ठिणगी पडली. तो पारशांचा पवित्र दिवस होता. कोटात कुत्री मारत फिरणाऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव धावून गेला आणि त्याने त्यांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी प्रकरण पारशांपुरतं राहिलं नाही. हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली, बाजार ओस पडला, सैन्याकडे जाणारा शिधा वाटेत अडवला गेला. मुंबईने पाहिलेल्या पहिल्या मोठ्या हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी होता. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, फौज उतरली, पुढारी म्हणून काहींना पकडलं गेलं. गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांच्या सरकारला धक्का बसला तो दंग्यापेक्षा दंगा करणाऱ्यांचा. पारशी म्हणजे कंपनीचे दलाल, जहाजं बांधणारे, इंग्रजांच्या भरवशाचे लोक. तेच दगड घेऊन रस्त्यावर उतरले होते.

त्यांना रस्त्यावर आणणारी श्रद्धा जुनी होती. जरथुश्ती धर्मग्रंथांतल्या वेंदिदादचा तेरावा अध्याय जवळजवळ संपूर्ण कुत्र्यांविषयी आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्याला काय शिक्षा आणि घराच्या राखणदाराला उपाशी ठेवणाऱ्याला काय, याचे तिथे बारीकसारीक नियम सांगितले आहेत. मृत्यूनंतर आत्म्याला ओलांडाव्या लागणाऱ्या चिन्वत पुलावर कुत्री पहारा देतात. म्हणून प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्या विधीला सगदीद म्हणतात. पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, म्हणजे मलबार हिलच्या डुंगरवाडीत, त्यासाठी कुत्री पाळली जात. पारशी घरांत जेवणातले तीन घास कुत्र्यासाठी बाजूला काढून ठेवायची रीत होती, तिला ‘कुतरानो बूक’ म्हणत.

त्याच तेराव्या अध्यायात एक अवघड प्रश्न विचारला आहे. कुत्रं भ्रमिष्ट झालं, न भुंकता चावू लागलं, तर काय करायचं? उत्तर असं की त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घालावा, त्याला खांबाला बांधावं आणि एखाद्या धर्मबांधवावर करावेत तसेच उपचार त्याच्यावर करावेत. सहज सांभाळता येणाऱ्या कुत्र्याबद्दल दया सगळेच दाखवतात. सांभाळायला कठीण अशा कुत्र्याची जबाबदारीही हा ग्रंथ माणसाच्या गळ्यात घालतो.

मराठी मुलखातही कुत्र्याला मान होता. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री, खंडोबापाशी एक, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. पण यांतलं प्रत्येक कुत्रं कुणाचं तरी होतं: देवाचं, राजाचं, नाहीतर निदान गोष्टीतल्या संताचं. १८३२ चा वाद कुणाचंही नसलेल्या कुत्र्यांवरून पेटला होता, आणि दंगा शमल्यावर तीच अडचण शिल्लक राहिली. मारायचं नाही हे ठरलं. ठेवायचं कुठे?

या टप्प्यावर जमशेटजी जीजीभाई पुढे आले. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून ते शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले होते. १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट होणारे ते पहिले भारतीय. पण १८३२ साली ते होते दोन्ही बाजूंना ऐकावं लागेल असे शेटजी. त्यांनी पकडलेल्यांच्या माफीसाठी सरकारदरबारी शब्द टाकला आणि सरकारला तोंड राखून माघार घेता येईल अशी वाट काढून दिली. जीजीभाईंच्या पेढीचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे: एक पारशी, एक जैन, एक कोकणी मुसलमान. यांपैकी मोतीचंद, म्हणजे भायखळ्याचं जैन देरासर बांधणारे मोतीशा शेठ, कुत्र्यांच्या प्रश्नाकडे वेगळ्या परंपरेतून पाहत होते. त्यांच्या गुजरातेत या प्रश्नाचं उत्तर कित्येक पिढ्यांपूर्वी शोधलं गेलं होतं.

१८ ऑक्टोबर १८३४ रोजी जीजीभाई आणि मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. आज सी. पी. टँक, माधवबाग, भुलेश्वर अशी दाटी असलेल्या भागात सुमारे दोन एकरांवर तो अजून उभा आहे. भटकी कुत्री आणि इतर बेवारस जनावरं यांना शहराच्या मध्यात हक्काची जागा मिळाली.

गुजरातेतल्या अशा जागा पाहून युरोपीय प्रवासी चक्रावून जात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॅल्फ फिच हा इंग्रज खंबायतला पोचला, तेव्हा लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी या शहरात इस्पितळं आहेत, इथले लोक मुंग्यांनाही खाऊ घालतात, असं त्याने लिहून ठेवलं. दोनशे वर्षांनी जेम्स फोर्ब्सने सुरतेच्या जनावरांच्या इस्पितळाचं सविस्तर वर्णन केलं. उंच भिंतींच्या आत वेगवेगळी अंगणं, त्यांत घोडे, खेचरं, बैल, मेंढ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं. १७७२ साली तिथे एक म्हातारं कासव होतं आणि ते पंचाहत्तर वर्षं तिथेच असल्याचं सांगितलं जाई. उंदीर-ढेकणांचाही एक वेगळा विभाग होता. फोर्ब्सने दोन गोष्टी मुद्दाम नोंदल्या. जनावर आत घेताना त्याच्या मालकाची जात किंवा देश विचारला जात नव्हता, आणि आजाऱ्यांबरोबर म्हातारपणाने थकलेल्यांनाही तिथे जागा होती.

हीच पांजरपोळाची खरी ओळख. इस्पितळात माणूस बरा व्हायला जातो आणि घरी परततो. जीजीभाईंनीच पुढे उभारलेलं जे. जे. इस्पितळ असं होतं. पांजरपोळात आलेलं जनावर मात्र परत जाण्यासाठी आलेलं नसे. ते बरं झालं तर उत्तम, नाही झालं तरी चालेल, कुणी न्यायला आलं नाही तरी हरकत नाही. मरेपर्यंत चारापाणी मिळेल एवढंच वचन होतं. आजच्या भाषेत ज्यांना ‘दत्तक जाण्यासारखी नाहीत’ म्हणतात, त्या जनावरांसाठीच ही जागा होती.

असं वचन द्यायला फारसं काही लागत नाही. निभावायला पैसा लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. दंग्याच्या वेळी उसळलेली दया पुढच्या वर्षीच्या चाऱ्याला पुरत नाही, हे व्यापाऱ्यांइतकं कुणाला कळणार? गुजरातच्या महाजनांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे लागा. व्यापारी मालाच्या उलाढालीवर स्वतःच्या राजीखुशीने बसवलेली छोटीशी पट्टी. सौदा झाला की ती आपोआप कापली जाई, त्यामुळे दर वेळी दात्याच्या दारात जाऊन हात पसरावा लागत नसे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही पांजरपोळाचा संसार याच पायावर मांडला. पुढे संस्थेच्या जागांचं भाडंही या उत्पन्नात आलं. भुलेश्वरच्या गजबजाटात ही संस्था जवळजवळ दोनशे वर्षं टिकून राहिली, त्यात भूतदयेइतकाच या हिशेबी बुद्धीचा वाटा आहे.

१८६० च्या दशकात फ्रेंच प्रवासी लुई रूसले हा पांजरपोळ पाहायला गेला. त्याने रंगवलेलं दृश्य वाचणाऱ्याला हसावं की गप्प बसावं, कळत नाही. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले, लंगडणारे बैल स्वच्छ गवतावर पडले आहेत आणि पलीकडे आंधळी बदकं नि लंगड्या कोंबड्यांच्या घोळक्यात लाकडी पाय लावलेला एक बगळा ऐटीत फिरतो आहे. त्या काळच्या अनेक युरोपीय लेखकांनी पांजरपोळांची अशीच थट्टा केली. काहींनी टीकाही केली, आणि ती सगळीच पूर्वग्रहातून आलेली नव्हती. जखमा चिघळलेली, उठता न येणारी जनावरं केवळ मारायची नाहीत म्हणून दिवसचे दिवस तडफडत ठेवणं ही दया कसली, हा त्यांचा सवाल होता. जागा अपुरी, डॉक्टर नाही, रोगी आणि निरोगी एकत्र: अनेक पांजरपोळांची ही दुखणी खरी होती.

इंग्रजांनी आपल्या घरी मात्र दुसऱ्याच प्रकारची संस्था काढली. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात एका तबेल्यात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर उघडलं. १८७१ मध्ये ते बॅटरसीला हललं आणि त्याच नावाने जगप्रसिद्ध झालं. या घराची रचना पांजरपोळाच्या अगदी उलटी होती. कुत्रं आत यायचं ते बाहेर जाण्यासाठी. काही दिवस मालकाची वाट पाहायची, तो आला नाही तर नवा मालक शोधायचा, तोही मिळाला नाही तर मारून टाकायचं. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना भटकी कुत्री पकडण्याचा अधिकार दिला आणि त्यांचा लोंढा या घराकडे वळला. १८८४ मध्ये डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी तयार केलेली, वायूने वेदनारहित मरण देणारी खोली बॅटरसीत बसवण्यात आली. तरुण, देखण्या, जातिवंत कुत्र्यांना घरं मिळत. म्हाताऱ्या, खरजुल्या, चावऱ्या कुत्र्यांची रवानगी कुठे होत असेल ते सांगायला नको.

मुंबईत तिसरा मार्ग निघाला तो परळला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून १८८३ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं, १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. गिरणगावाने या जागेला दिलेलं नाव मात्र सुटसुटीत होतं: बैलघोडा हॉस्पिटल. ट्राम ओढणारे घोडे आणि कापसाच्या गाड्या ओढणारे बैल हे तेव्हाचे मुख्य रुग्ण. कुत्र्या-मांजरांची गर्दी वाढली ती शहरातून बैल आणि घोडे हद्दपार होत गेले तसतशी. पांजरपोळाला न परवडणारी गोष्ट, म्हणजे शास्त्रीय उपचार, परळने शहराला दिली. पण तेही शेवटी इस्पितळच. रुग्ण बरा झाला की त्याने आपल्या घरी जायचं. ज्याला घरच नाही, त्याने कुठे?

दरम्यान भुलेश्वरला एक बदल होत गेला. कुत्र्यांवरून झालेल्या दंग्यातून जन्मलेल्या संस्थेत हळूहळू गाई भरत गेल्या. आज मुंबईचा पांजरपोळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाईच येतात, आणि संक्रांतीला त्यांना चारा घालायला लोटणारी गर्दी. संस्थेच्या शाखा शहराबाहेर निघाल्या, भिवंडीकडे, कल्याणजवळ रायत्याला, चेंबूरला. चेंबूरच्या शाखेने तर एका वस्तीला नाव दिलं. २०१३ साली ऑरेंज गेटपासून निघालेला ईस्टर्न फ्रीवे आधी जिथवर खुला झाला तो टप्पा पांजरपोळच. त्या पाटीखालून रोज गाड्या जातात आणि त्या नावाचा उगम कुत्र्यांच्या दंग्यापाशी जातो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

या बदलाचं कारण शोधायला लांब जायला नको. गाईला घास घालून पुण्य मिळतं, तिच्या पाठीवरून हात फिरवता येतो, ती दूध देते. देणगीदाराला तिच्यासमोर उभं राहावंसं वाटतं. लूत लागलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासमोर तसं वाटत नाही. लागा आणि भाडं यांच्या जोरावर संस्था टिकते, पण तिच्या अंगणात कुणाला जागा मिळणार हे देणाऱ्याच्या मनाप्रमाणे ठरत जातं.

शिवाय कुत्र्याबरोबर भीती येते, गाईबरोबर येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळपास अशक्य, ही गोष्ट वैद्यकाने आजही बदललेली नाही. १८८५ मध्ये पाश्चरने लस शोधली. १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाल्या. पुढे पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं मराठी बालपणाचा भाग बनून गेली. कुत्र्याने दात लावला की घरातल्या मोठ्यांचा पहिला उद्गार त्या चौदा सुयांचा असे. दरवर्षी भारतात १८ ते २० हजार माणसं रेबीजने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो. मरणाऱ्यांत लहान मुलं पुष्कळ असतात. कुत्र्यांना जगू द्या म्हणणाऱ्यांना हा आकडा बाजूला सारून बोलता येत नाही.

या पेचात सर्वांत थेट हात घातला तो गांधीजींनी. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली. अहिंसेच्या नगरीत गहजब उडाला आणि प्रश्न साबरमतीपर्यंत गेला. अशा परिस्थितीत मारण्यावाचून दुसरा उपाय नव्हता, असं गांधीजींनी सांगितलं. त्यावर संतापलेल्या पत्रांचा इतका पाऊस पडला की ‘यंग इंडिया’त त्यांना एकापाठोपाठ एक लेख लिहावे लागले. त्यांचा मुख्य रोख मारणाऱ्यांवर नव्हताच. रस्त्यावर बेवारस कुत्रं फिरतं याचा अर्थ समाजाने आपली जबाबदारी टाकली, असं त्यांचं म्हणणं. येताजाता भाकरीचा तुकडा भिरकावणं ही त्यांच्या लेखी दया नव्हती. पाळायचं तर पूर्ण पाळा, जबाबदारी घ्या, नाहीतर भूतदयेचा टेंभा मिरवू नका. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, आश्रमातल्या असाध्य वेदनेत तडफडणाऱ्या वासराला त्यांनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन मरण दिलं, तेव्हा तर वादळच उठलं. म्हाताऱ्या, आजारी जनावरांचा आश्रम चालवणाऱ्या प्रत्येकाला आजही हे दोन प्रश्न चुकत नाहीत: किती जणांना आत घ्यायचं, आणि कधी थांबायचं.

स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेला आग्रह होता. तरी त्याच कायद्यात भटकी कुत्री खास खोलीत प्राण घेऊन नष्ट करण्याला क्रूरतेच्या व्याख्येतून सूट दिलेली आहे. बॅटरसीच्या खोलीची कल्पना अशी शहात्तर वर्षांनी भारतीय कायद्याच्या कलमात उतरली. मुंबईत महापालिकेची गाडी कुत्री पकडून महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात नेई. वर्षाला हजारो कुत्री तिथे मारली जात. रस्त्यावरची संख्या मात्र काही केल्या कमी होत नव्हती, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली कुत्री येत आणि पुढच्या वर्षी तिथे नवी पिल्लं खेळत.

१९९४ च्या सुमारास मुंबईने मारण्याऐवजी निर्बीजीकरणाची वाट धरली. जिथे कुत्री मारली जात, त्याच महालक्ष्मीत स्वयंसेवी संस्था शस्त्रक्रिया करू लागल्या. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिशेला पाठबळ दिलं आणि २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. वाद मिटले नाहीत. २००८ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याचा आयुक्तांचा अधिकार मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने लवकरच त्याला स्थगिती दिली. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री मोजली गेली. २०२३ मध्ये नवे नियम आले, पण गाभा तोच राहिला. लसीकरण नेटाने झालं तर काय होतं ते गोव्याने दाखवलं. २०१८ पासून तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नव्हता, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

नियम तरण्याताठ्या कुत्र्याला नजरेसमोर ठेवून लिहिले आहेत. शस्त्रक्रिया करून चार दिवसांनी गल्लीत सोडलं तर ते पुन्हा आपला उकिरडा, आपली चहाची टपरी आणि आपलं टोळकं गाठतं. पण बारा वर्षांचं, मोतीबिंदूने आंधळं झालेलं कुत्रं? गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेली कुत्री? मालक परदेशी गेला म्हणून सोसायटीच्या फाटकाबाहेर सोडलेला, आयुष्यभर सोफ्यावर झोपलेला लॅब्राडोर? असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी असेल तर नियम दयामरणाची वाट दाखवतात. नुसतं म्हातारं असेल तर नियमांत त्याच्यासाठी वेगळी ओळ नाही.

ही उरलेली कुत्री ज्यांच्या दारात येतात ते आश्रम बहुधा शहराच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये असतात, कारण भुंकण्यामुळे शेजारी वसाहत नको म्हणते आणि आत जागा परवडत नाही. तिथला दिवस औषधांपासून सुरू होतो. एकाच्या मूत्रपिंडासाठी वेगळं खाणं, दुसऱ्याच्या सांध्यांसाठी गोळी, दात पडलेल्यांसाठी भात आणि चिकन मऊ शिजवून कुस्करलेलं. मागचे पाय नसलेल्यांना चाकांच्या गाडीला जुंपून तासभर फिरवायचं, मग खाली उतरवून पाठीला आणि मांड्यांना जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलत राहायचं. चावऱ्याचा पिंजरा वेगळा, त्याला खाऊ घालणारा माणूसही ठरलेला. दत्तक द्यायच्या मेळाव्यात लोक पिल्लांभोवती गोळा होतात. आठ वर्षांच्या, करड्या तोंडाच्या कुत्रीचं वय ऐकलं की हात मागे येतात. एक पिल्लू गेलं की पिंजरा रिकामा होतो आणि नव्याला जागा मिळते. म्हाताऱ्यांचा पिंजरा रिकामा होतो तो मरणानेच, म्हणून अशा आश्रमाला नव्या कुत्र्यासाठी फोन आला की बहुतेकदा नाही म्हणावं लागतं.

पारशी धागा मुंबईत तुटलेला नाही. २०१८ मध्ये टाटा समूहाचं मुख्यालय बॉम्बे हाउस नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हा तळमजल्यावर आवारातल्या भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली होती. २०२४ च्या जुलैत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं. ज्या भागात एकेकाळी पालिकेच्या कोंडवाड्यात कुत्री मारली जात, तिथे आज त्यांच्यासाठी अतिदक्षता विभाग आहे. अर्थात बरं झाल्यावर इथूनही घरीच जायचं.

२०२५ मध्ये दोनशे वर्षांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात एकवटला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लस झालेली कुत्री परत सोडा, रेबीजग्रस्त आणि आक्रमक तेवढी आत ठेवा. ७ नोव्हेंबरला पुन्हा सांगण्यात आलं की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात न्यावीत आणि त्याच ठिकाणी परत सोडू नयेत. म्हणजे परत न जाणाऱ्या कुत्र्यांसाठी, देशभर, पालिकांनी जागा उभ्या करायच्या. भुलेश्वरला १८३४ मध्ये जे काम व्यापाऱ्यांनी अंगावर घेतलं, तेच आता सरकारी यंत्रणेकडे आलं आहे, फक्त त्यासोबत लागा आलेला नाही.

पाच वर्षांचं आक्रमक कुत्रं निवाऱ्यात आलं आणि नीट सांभाळलं गेलं, तर ते आणखी सात-आठ वर्षं सहज जगू शकतं. दिवसाला दोन जेवणं धरली तर आठ वर्षांत ५,८४० थाळ्या होतात, आणि हे एकाच कुत्र्याचं. पालिकेचं अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं. शेडच्या, जाळीच्या, शस्त्रक्रियागृहाच्या निविदा निघतील, कारण त्या एकदाच काढायच्या असतात. थाळ्यांचा खर्च मात्र दरवर्षी, कोणत्या शीर्षाखाली आणि कोणत्या उत्पन्नातून दाखवायचा, हे प्रत्येक पालिकेला आपापलं ठरवावं लागणार आहे.